अंधाराला साडेचार चांदण्या

एका जंगलात, मुलांनो, सिनेमे कमी आणि सिनेमावर बोलणारे जास्त होते. तुमच्या घरी आहेत तसेच. बाबांकडे बघू नका, गोष्टीकडे लक्ष द्या.

त्या जंगलात कोळ्यांनी झाडाझाडांवरून जाळं विणलं होतं. कुठल्याही टोकाला धागा ओढून काही बोललं, की ते साऱ्या जंगलाला ऐकू जाई. त्या जाळ्यावर 'अस्सल सिनेमा मंडळ' नावाचा गट होता. गटाचे प्रमुख होते साळिंदरराव. त्यांच्या पाठीवर जन्मतःच इतक्या लेखण्या उगवल्या होत्या, की समीक्षक होण्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हतं.

गटाचे नियम दोनच. सिनेमा संपायच्या आत मत द्यायचं. नंतर दिलेलं मत शिळं धरलं जाई. आणि 'मला कळलं नाही' असं मेलं तरी म्हणायचं नाही. मागे एका सशानं तसं म्हटलं होतं. त्याला गटातून काढून टाकलं. मग त्याची सख्खी भावंडंही त्याच्याशी बोलेनात, आणि सशाला भावंडं किती असतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

जंगलाच्या कडेला, माळावर, एक टिटवी राहायची. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत. उघड्या माळावर, खड्यांमध्ये अंडी घालतात. कुणी अंड्यांच्या वाटेला आलं, की टिटवी पंख मोडल्यासारखी लंगडत सुटते. खाणारा तिच्या मागे लागतो. अंडी राहतात बाजूला, आणि तो पुरेसा लांब गेला की ही भुर्रकन उडून जाते.

या टिटवीची आई जन्मभर अशी लंगडली. टिटवीनं त्याचा सिनेमा काढून ठेवला होता. पुढे आई गेली. आता ती कुठे उरली असेल, तर फक्त त्या सिनेमात. आपली आई चार जणांनी पाहावी, एवढीच टिटवीची इच्छा होती.

सिनेमे गुहेत दाखवत. अस्वलमामा दुधीभोपळ्यात काजवे भरून दिवा करी आणि भिंतीवर चित्रं पडत. टिटवीला एक शुक्रवार मिळाला. गुहा भरली. मक्याच्या लाह्या आल्या. सगळे सरसावून बसले, आणि दिवा लागलाच नाही.

काजवे रुसले होते. सकाळपासून त्यांना कुणी दवाचा थेंबसुद्धा विचारला नव्हता. अस्वलमामा अंधारात भोपळा खुळखुळवत होता आणि घाबऱ्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होता, "थांबा थांबा! होतंय होतंय!"

तुम्ही असता तर ओरडला असता, "मामा, दिवा लावा की!" पण तुम्ही लहान आहात, तुम्हाला कुणी गटातून काढत नाही. इथे प्रत्येकाला वाटलं, हा सिनेमाच असा आहे. आपल्याला कळत नाहीये, पण शेजारच्याला नक्की कळत असणार. शेजारचा तर लाह्यासुद्धा विचार करून चावत होता.

साळिंदररावांनी नियमाप्रमाणे वेळेआधी धागा ओढला. "काहीही न दाखवता सर्व काही सांगणारी कलाकृती! अंधाराला इतका अंधारपणा यापूर्वी लाभला नव्हता. साडेचार चांदण्या." उरलेली अर्धी त्यांनी हातची राखून ठेवली. पुऱ्या पाच दिल्या तर समीक्षक कसले?

झालं! जाळं दिवसभर थरथरत राहिलं. रानडुक्कर म्हणालं, मध्यंतराआधीचा अंधार जास्त घट्ट आहे. मोर म्हणाला, मध्यंतरानंतरचाच खरा, पण तो दिसायला नजर लागते. दोघांची अशी जुंपली की मोर पिसाऱ्याला मुकला.

गाण्याचं तर विचारूच नका. 'थांबा थांबा, होतंय होतंय' साऱ्या जंगलाच्या तोंडी बसलं. माकडं फांदीफांदीवर त्यावर नाचून दाखवत होती. वरातीत तेच, बारशाला तेच. एका म्हाताऱ्या सांबराच्या दहाव्यालाही तेच वाजलं, आणि घरच्यांनी ठेका धरला.

टिटवी धावत साळिंदररावांकडे गेली. "काका, अहो, माझा सिनेमा लागलाच नाही! दिवाच पेटला नव्हता."

"काय हा विनय!" साळिंदरराव म्हणाले.

"विनय नाही हो! त्यात माझी आई आहे. ती कुणी पाहिलीच नाही."

"आईची अनुपस्थिती!" साळिंदररावांनी घाईघाईनं पाठीवरची एक लेखणी उपटली. "माझ्या लक्षात आलं होतं ते. पुढच्या लेखात घेणारच होतो."

"पण काका, तो मी काढलाय. मला माहीत नसेल का त्यात काय आहे?"

"बाळ," साळिंदरराव मायेनं म्हणाले, "कलावंताला आपल्या कलाकृतीतलं फारसं कळत नसतं. त्यासाठी तर आम्ही आहोत."

टिटवी रडत माघारी आली. ते पाहून अस्वलमामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पोरी, रडू नको. पुढचा शुक्रवार तुझा. काजव्यांना मी स्वतःच्या हातानं दव पाजतो, मग तर झालं?"

पुढच्या शुक्रवारी गुहेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मुंग्या बाहेरच राहिल्या. या वेळी दिवा लख्ख लागला. भिंतीवर माळ उजळला, आणि त्या माळावर टिटवीची आई आली. एक पंख जमिनीवरून ओढत, लंगडत, मागे वळून पाहत. टिटवीनं भिंतीकडे पाहिलंच नाही. ती पाहणाऱ्यांची तोंडं पाहत होती.

तोंडं वाकडी झाली होती.

"हा कुठला पक्षी मधेच?" रानडुक्कर म्हणालं.

"अंधार कुठाय? आम्ही अंधार बघायला आलोय!" मोर म्हणाला.

"गाणं कापलं, गाणं कापलं!" माकडं ओरडली.

साळिंदररावांनी धागा ओढला. "पहिल्या भागाची उंची दुसऱ्याला गाठता आलेली नाही. दिग्दर्शिकेनं बाजाराशी तडजोड करून सिनेमात चित्रं घातली आहेत. दीड चांदणी."

मग एकच गिल्ला झाला. "दिवा बंद करा! दिवा बंद करा!" भिंतीवर लाह्यांचा मारा सुरू झाला. अस्वलमामा बिचारा मनानं चांगला, पण एवढ्या गर्दीपुढे त्याचं काय चालणार? त्यानं भोपळ्यावर घोंगडी टाकली. टिटवीची आई तेव्हा अर्ध्या माळावर होती. अंधारात टाळ्यांचा कडकडाट झाला.

टिटवी बाहेर येऊन एका दगडावर बसली. तिच्या मागोमाग एक म्हातारा कोल्हा बाहेर आला. तो कुठल्याच गटात नव्हता. त्याला धागा ओढता येत नसे.

"बाई," कोल्हा म्हणाला, "ती लंगडत होती, ती तुमची कोण?"

"आई."

"तिच्या मागं मी भर तारुण्यात पार ओढ्यापर्यंत पळालोय. शेवटपर्यंत वाटत होतं, पंख मोडलाय हिचा, आता धरतो. आणि आज पुन्हा तसंच वाटलं बघा! बसल्या जागी पाय उचलले गेले." त्यानं ओठ चाटले, आणि मग त्याचा तोच ओशाळला. "त्या दिवशी उपाशी झोपलो मी. पण काय काम केलं होतं बाईनं!"

टिटवी ढसाढसा रडली. एवढ्या जंगलात तिच्या आईला नीट पाहणारा एकच निघाला होता, आणि तो तिला खायला धावलेला होता.

बाहेर राहिलेल्या मुंग्यांकडून कोल्ह्याचं बोलणं जाळ्यावर गेलंच. गटानं त्याची यथेच्छ टर उडवली. "सिनेमा पाहून पाय उचलले जाणं, हे प्रेक्षक कच्चा असल्याचं लक्षण आहे," असं साळिंदररावांनी लिहिलं. वर्षाअखेर टिटवीला सर्वोत्तम अंधाराचा मान मिळाला. ती सत्काराला गेली नाही. गटानं त्या न जाण्यालाही चार चांदण्या दिल्या.

टिटवी हल्ली शुक्रवारी ओढ्याकाठच्या एका खडकावर सिनेमा लावते. ती ओढ्याच्या अलीकडे बसते, कोल्हा पलीकडे. कौतुक कौतुकाच्या जागी, भूक भुकेच्या जागी. आई लंगडत निघाली, की म्हातारा कोल्हा अजूनही उठून उभा राहतो.

तात्पर्य: सिनेमा जरूर काढावा, पण दाखवून त्याचं वाटोळं करू नये. दाखवावाच लागला, तर मंडळाच्या सभासदांना न दाखवता आपल्याला खायला टपलेल्याला दाखवावा. निदान तो डोळे उघडे ठेवून बघतो.