वरवंट्याची बाबागाडी

धुळ्याला थोरल्या बहिणीकडे चार दिवस राहून लता जळगावला परतली ती बाबागाडीची बातमी घेऊनच. आल्या आल्या मात्र तिने आधी चूल पेटवली. पिठलं टाकलं, भाकरी थापल्या, आणि रुपचंदने पहिला घास उचलला तेव्हा सहज सांगावं तसं म्हणाली, "ताईकडं बाबागाडी आणलीय. सुरतेची. वर छत्र आहे, आणि आत लाल मखमल."

रुपचंदचा घास हातातच राहिला. मखमलीशी त्याचं काही वैर नव्हतं, वैर होतं ते साडूशी. अभिमन, म्हणजे लताच्या बहिणीचा नवरा, धुळ्यात मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा. रुपचंद पाटबंधारे कचेरीत कारकून, मेहरूणला भाड्याच्या दोन खोल्या. पण तेही चाललं असतं. मुख्य दुखणं सासऱ्यांचं होतं.

सासरे, म्हणजे गिरधरआबा, फैजपूरचे केळीवाले. केळीला पाणी द्यावं तितक्या सढळ हाताने त्यांनी आयुष्यात शब्द कधी खर्चले नाहीत. एखादी गोष्ट मनापासून पटली तर मिशीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "वा." बस्स, संपलं. आणि रुपचंदच्या घरात, रुपचंदच्याच पाटावर बसून, रुपचंदचाच चहा पीत ते जे "वा" म्हणायचे, ते प्रत्येक वेळी अभिमनच्या नावाने. अभिमनरावांनी स्कूटर घेतली, वा. अभिमनरावांनी माडी चढवली, वा. फार काय, अभिमनरावांनी मूळव्याधीचं ऑपरेशन हूं की चूं न करता करून घेतलं, तरी वा. आता यात कौतुकासारखं काय होतं ते सांगा. इकडे रुपचंद खात्याची परीक्षा पास झाला, पेढे घेऊन थेट फैजपूरला गेला, तर आबांनी पेढा खाल्ला आणि दुकान कोणतं ते विचारलं. लग्न झाल्यापासून एक "वा" रुपचंदच्या वाट्याला आला नव्हता. तो एकदा तरी, स्वतःच्या कानांनी ऐकायचाच, एवढी एकच हौस त्याच्या जिवाला लागून राहिली होती.

"त्यांची गाडी एस.टी.च्या दारातून आत जाते का?" त्याने विचारलं.

"छे. भाऊजींनी टेम्पोतून आणली."

तेव्हा कुठे रुपचंदने घास तोंडात घातला. पुढच्या महिन्यात आपल्या तान्ह्या बाळूचं जावळ काढायला धुळ्याला एकवीरादेवीला जायचं होतं. आबा, सासूबाई सुगंधाबाई आणि मेहुणा निंबा आधी जळगावला येणार, आणि तिथून सगळे मिळून एस.टी.ने जाणार. म्हणजे घरापासून देवळापर्यंत सगळा रस्ताभर आबांचे डोळे आपल्यावर. एका काखेत पोरगं, दुसऱ्या हातात मिटलेली बाबागाडी, आणि आपण ऐटीत एस.टी.त चढतोय, हे चित्र त्याला पिठल्यात दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटली की तो दुकानं पालथी घालू लागला. एकाने वेताची गाडी दाखवली, तिच्यात बाळू आणि बाळूची आई दोघं निजली असती. दुसऱ्याने लोखंडी दाखवली, ती उचलताना रुपचंदच्या कमरेत उसण भरली. त्याची परीक्षा ठरलेली होती. दुकानातली उशी पोरगं समजून काखेत मारायची, दुसऱ्या हाताने गाडी उचलायची आणि दुकानाच्या पायऱ्या चढायच्या. एका दुकानदाराला तो उशी घेऊन पळतोय असंच वाटलं. शेवटी फुले मार्केटमधल्या एका सिंधी दुकानदाराने माळ्यावरून छत्रीसारखं मिटलेलं काहीतरी काढलं आणि पायाने खट्‌कन उघडलं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, निळं कापड, लिंबाएवढी चाकं. रुपचंदने ती एका बोटावर उचलली, मग करंगळीवर उचलली, आणि पुढे काही विचारलंच नाही.

त्या दिवशी बरोबर आलेली लता मागून म्हणाली, "पण बाळू बसेल का हिच्यात?" त्यावर दुकानदार आणि रुपचंद दोघांनीही तिच्याकडे असं पाहिलं, की ती आपली बांगड्यांच्या दुकानाकडे बघत बसली.

बाळू बसला नाही. त्याला गाडीत ठेवलं की तो अंग ताठ करायचा आणि मेहरूण तलावापलीकडे ऐकू जाईल असा टाहो फोडायचा. रुपचंदने ते फारसं मनावर घेतलं नाही. तो अंगणात रिकाम्या गाडीवरच मिटण्या-उघडण्याचा सराव करत राहिला. शेजारच्या झुलालनानांनी एकदा विचारलंही, की छत्री बिघडली आहे का.

जावळाच्या दिवशी सकाळीच फैजपूरची मंडळी आली. आबांनी आल्या आल्या नातवाला खांद्यावर घेतलं, आणि बाळू मिशीला जो चिकटला तो सुटेचना. मग रुपचंद गाडी घेऊन अंगणात आला. बरोबर आबांसमोर उभा राहिला आणि त्याने ती खट्‌कन उघडली. आबा त्या वेळी शेवग्याच्या झाडाकडे बघत होते. रुपचंदने मिटली, पुन्हा उघडली. आबांनी विचारलं, "शेंगा लागतात का याले?"

हरकत नाही, रस्ता लांब आहे, असं म्हणून रुपचंद रिकामीच गाडी ढकलत निघाला. फाटकाशी पोचतो न पोचतो तोच सुगंधाबाई आडव्या आल्या.

"जावईबापू, रिकामी ढकलू नका. रिकामा पाळणा हालवू नये, मुलाले चांगलं नसते."

"आई, हा पाळणा नाही. गाडी आहे."

"मूल झोपते ना हिच्यात? मग पाळणाच."

आता गाडी मिटून काखेला मारली की प्रश्न मिटला असता. पण मिटलेली गाडी म्हणजे छत्री, आणि छत्रीला "वा" कोण म्हणणार? रुपचंद दांडा सोडेना, सासूबाई वाट सोडेनात. शेवटी तोड सासूबाईंनीच काढली. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, तसा घाला, म्हणजे पाळणा रिकामा नाही. लताने स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. बाळूच्या जुन्या कुंचीत गुंडाळून, गळ्याशी नाडी बांधून, तो गाडीत निजवला. करंगळीवर उचलायची गाडी कुरकुरायला लागली, आणि रुपचंद काळा दगड ढकलत एस.टी. स्टँडकडे निघाला.

गाडी मिटायची तर वरवंटा बाहेर काढावा लागे, आणि काढला की ठेवायचा कुठे? मनात जे चित्र होतं ते अगदी तसंच उतरलं, फक्त काखेत पोराऐवजी वरवंटा आला. आबा नातवाला घेऊन पुढच्या बाकावर बसले आणि सबंध रस्ताभर खिडकीबाहेर कोणाची केळी कशी आहे तेच बघत राहिले. रुपचंद मागे, मांडीवर कुंची घेऊन. एरंडोलला बेबाबाई नावाची एक बाई चढली आणि त्याच्या शेजारी टेकली. तीही एकवीरेलाच चालली होती. पारोळ्यापर्यंत तिने कुंचीकडे फार मायेने पाहिलं.

"कितला गुनी पोऱ्या शे," ती म्हणाली. "बठ्ठा रस्ता रडना नही." सबंध रस्ता पोर रडलं नाही, याचं तिला भारी कौतुक.

गाडीभर लोकांसमोर मांडीवरच्या दगडाची हकीकत कोण सांगत बसणार? रुपचंद म्हणाला, "हो." बाई म्हणाली, तोंड तरी दाखवा. रुपचंद म्हणाला, जागा होईल. मग तिने भर गर्दीत लोकांना सरकवून बाळासाठी जास्तीची जागा करून दिली, आणि रुपचंदला वरवंट्याला थोपटत बसावं लागलं.

धुळ्याच्या स्टँडवर अभिमन आपली मखमली गाडी घेऊन हजर होता. आत त्याचा मुलगा राजासारखा बसलेला. रुपचंद त्या पोराकडे बघतच राहिला. मेलं पोरगं बसतंसुद्धा! त्याने दात आवळून आपली गाडी उघडली, वरवंटा निजवला, आणि दोन्ही साडू दोन गाड्या ढकलत देवळाच्या वाटेला लागले. अभिमन तिरक्या नजरेने निळ्या गाडीकडे पाहत होता. एकदा त्याने ती एका हाताने उचलून बघितलीही, पण आबांचं लक्ष नव्हतं, तेव्हा रुपचंदला त्याचा काय उपयोग?

देवळासमोर पोचल्यावर आबा आणि निंबा बाळूला घेऊन न्हाव्याकडे पायऱ्यांवर गेले. दर्शनाच्या गर्दीत बेबाबाईने रुपचंदला गाठलंच. पोराचं तोंड पाहिल्याशिवाय ती देवीपुढे जाणार नव्हती. त्याने नको नको म्हणेपर्यंत तिने कुंचीची नाडी सोडली. आत गुळगुळीत काळा दगड. वर्षानुवर्षं हळद वाटून एका अंगाला पिवळा झालेला, आणि परवाच्या मिरचीने दुसऱ्या अंगाला लाल.

"माय व," बेबाबाई म्हणाली. "हाऊ ते देव शे."

आणि तिने वाकून नमस्कार केला. एक बाई नमस्कार करते म्हटल्यावर दुसरीने केला, आणि दुसरीने केल्यावर तिसरीने नारळ ठेवला. कुठला देव, कुठे नेताय, असं लोक रुपचंदला विचारायला लागले. बसमध्ये "हो" म्हणून बसलेला माणूस आता कोणत्या तोंडाने "वरवंटा" म्हणणार? तो नुसता हात जोडून उभा राहिला, त्याने तर लोकांची खात्रीच पटली. बघता बघता गाडीत नारळांची रास झाली. ॲल्युमिनियमच्या नळ्या एकदा कण्हल्या आणि गाडी खट्‌कन आपोआप मिटली. नारळ चहूकडे पळाले, वरवंटा मात्र जमिनीवर उभाच्या उभा राहिला. गर्दीतला एक पागोटेवाला गंभीरपणे म्हणाला, देवाने जागा धरली, आता इथून हलवायचा नाही.

कोणीतरी आरती सुरू करणार तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सुगंधाबाई आल्या. त्यांनी देवाला मानेला धरून उचललं.

"हा माह्या लेकीच्या घरचा वरवंटा आहे," त्या म्हणाल्या. "तिनं परवा याच्यानं ठेच्याच्या मिरच्या वाटल्या. चला, वाट द्या."

गर्दी खाली मान घालून पांगली. वाहिलेला नारळ परत कसा घ्यायचा, म्हणून नारळ तिथेच राहिले. रुपचंदने वर पाहिलं. पायऱ्यांवर आबा उभे होते. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं पाहिलं होतं. ते वळले आणि आत गेले. आता संपलं, रुपचंदला वाटलं. या जन्मीचा "वा" गेला. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

अभिमन देवळाजवळच्या एका दुकानातून पोतं मागून घेऊन आला आणि मुकाट्याने नारळ भरायला लागला. तो हसत नव्हता, हे रुपचंदला जास्तच झोंबलं. "हसा की," तो म्हणाला. "एवढी संधी परत यायची नाही."

"हसू कुठून येणार, रुपचंदराव? तुमच्यापायी माझा जीव नकोसा झालाय. आबा आमच्याकडं आले की तुमचंच पुराण. रुपचंदराव परीक्षा पास झाले, वा. रुपचंदराव बायकोला भाजी निवडू लागतात, वा. मागं एकदा म्हणाले, रुपचंदराव रोज संध्याकाळी पोराला खांद्यावर घेऊन तलावावर फिरवतात, वा. त्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी सुरतेहून ती मखमलीची गाडी आणली."

रुपचंद नारळ हातात घेऊन तसाच बसला. मग त्याने स्कूटर, माडी आणि ऑपरेशन सगळं सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी आपण इतके ओरडलो होतो, की दवाखान्यातल्या दुसऱ्या रोग्यांनी तक्रार केली होती, असं अभिमनने कबूल केलं. दोघं पोत्याशेजारी बसले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच एकमेकांशी माणसांसारखे बोलले. तोंडावर आहे त्याला काही नाही, पाठीमागे आहे त्याला "वा", हे आबांचं गणित एकदाचं उलगडलं. रुपचंदला अभिमन एकाएकी फार भला माणूस वाटायला लागला.

तिकडे जावळ झालं, धर्मशाळेत वरण-बट्टीची पंगत बसली. हे दोघं जेवायला गेले नाहीत. आज दोघंही समोर नाहीत म्हटल्यावर आत काय निघतं ते ऐकायला, पोत्याचं एक एक टोक धरून ते धर्मशाळेच्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. आत बराच वेळ नुसता बट्ट्या चुरण्याचा आवाज. मग आबांचा आवाज आला.

"जावई कोठी गेले?"

"अभिमनराव अन् रुपचंदराव बाहेर आहेत," सुगंधाबाई म्हणाल्या. "दोघं मिळून नारळ भरू राह्यले."

आत बट्टी चुरणं थांबलं. मिशीवरून हात फिरत असणार.

"दोघं मिळून?" आबा म्हणाले. "वा."

रुपचंदच्या अंगावर काटा आला. स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने अभिमनकडे पाहिलं. अभिमनचेही डोळे भरून आले होते. पोत्याची टोकं दोघांच्या हातात तशीच होती.

मग अभिमन हळूच म्हणाला, "पण सासूबाईंनी नाव आधी माझं घेतलं."

रुपचंदने पोत्याचं आपल्याकडचं टोक सोडून दिलं.