घड्याळजींच्या गाडीतले दोन ऋतू

सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही. शेजारच्या घड्याळजींच्या गाडीचं मलाही वाटलं नसतं. पण कुंपणावर कोपरं टेकून सगळं या डोळ्यांनी पाहिलंय, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा नुकतंच झालेलं, म्हणजे डोळेही नवे कोरे होते.

गाडी म्हातारी. इंजिनातलं गरम पाणी हीटरकडे नेणारे दोन्ही रबरी पाईप भेगाळलेले. जरा तापली की बॉनेटखालून वाफ. एसी लावला तर कुणीतरी तोंडावर उसासा टाकल्यासारखी गरम हवा. त्या सकाळी घड्याळजींची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"माझी ताई चारच्या गाडीने येतेय. तिला उकाडा सोसत नाही. स्टेशनवरून घरी गार गार आली तर ठीक. नाही तर संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलंय."

"अगं, लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो ते हिच्यातूनच ना!"

"हो. आणि परत आलो ते ट्रकमधून."

घड्याळजींनी नवे पाईप, एसीचा नवा कंडेन्सर, जोडांमधल्या रबरी रिंगा, सगळं आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. मेकॅनिकला मात्र हात लावू द्यायचा नव्हता. "त्यांचे हात म्हणजे फावडी," असं त्यांचं मत. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पांढरा रुमाल पसरला आणि चिमट्याने एकेक स्क्रू त्यावर ओळीने मांडायला सुरुवात केली. प्रत्येक स्क्रू पुसायचा, फुंकायचा, उजेडात धरायचा. दुपार झाली तरी गाडी रुमालावरच.

वहिनींचा भाऊ पायरीवर बसून पाय हलवत होता. "भाऊजी, हे इंजिन आहे, लेडीज घड्याळ नाही!"

"तू गप रे. मशीन म्हणजे मशीन."

वहिनी दर मिनिटाला खिडकीत. "झालं का?"

"झालंच."

"मघाशीही झालंच होतं."

कसंबसं सगळं बसलं. गॅसवाला आला, एसीत गॅस भरला, जाळीपुढे हात धरून "बर्फ आहे, साहेब!" म्हणाला आणि गेला. घड्याळजींची छाती फुगली. पण एक गोष्ट त्या गॅसवाल्याला ठाऊक नव्हती. पाईपांवरच्या क्लिपा घड्याळजींनी दोन बोटांनी, बाळाच्या झबल्याचे बंद बांधावेत तशा आवळल्या होत्या. स्क्रूने जरा 'हो' म्हटलं की थांबायचं, ही जन्माची सवय.

इंजिन तापलं आणि पाईप निसटला. उकळत्या पाण्याची धार उडाली, अंगणभर वाफ कोंदली, मेहुणा पायरीवरून थेट गच्चीवर गेला; जिना वापरल्याचं मी पाहिलं नाही. वाफ निवळल्यावर बघतो तर दोरीवर वाळत घातलेल्या चादरींना जागच्या जागी इस्त्री झालेली! खोटं नाही सांगत, घड्या तेवढ्या वहिनींना घालाव्या लागल्या.

"काय फुटलं?" वहिनी ओरडल्या.

"काही नाही. चादरी झाल्या तुझ्या."

"साडेतीन वाजलेत!"

"तुझं घड्याळ पुढे आहे."

"तुम्हीच लावलंय!"

मेहुणा गच्चीवरून उतरला, हातभर लांबीचा पाना घेऊन बॉनेटमध्ये शिरला आणि क्लिपा अशा आवळल्या की गाडी कण्हली. पाईप आता जन्मात निघाला नसता. पण घाईत पाना अडकला तो हीटरची झडप उघडणाऱ्या तारेत. तार वाकली, झडप अर्धवट उघडी राहिली. पाणी भरलं, बॉनेट आपटलं, सगळे आत कोंबले गेले. शेजारधर्म म्हणून मीही मागे शिरलो.

स्टेशनवर ताई पुढे बसल्या. एसी लावला. मधल्या जाळीतून बर्फासारखी हवा आणि खिडकीकडच्या जाळीतून भट्टी!

"अहो, माझा एक कान गोठला आणि एक शिजला!" ताई किंचाळल्या.

"बंद करा ना तो हीटर!" वहिनी.

"बटण फिरतंय, हीटर ऐकत नाहीये!"

"खिडकी उघडा!"

"ती मागच्या वर्षीपासून उघडत नाही!"

ताईंच्या एका खांद्यावर शाल, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राचा पंखा. चौकात गाडी थांबली तेव्हा त्यांच्या एका भुवईवर दंव होतं आणि दुसरीवरून घाम निथळत होता. घड्याळजींची बोटं स्टिअरिंगवर टकटक वाजत होती. मग ताई एकदम गप्प झाल्या.

"ताई? अगं ताई! भोवळ आली बहुतेक. हे सगळं तुमच्यामुळे!"

घरी पोचलो तर फाटकात भंगारवाला दोर घेऊन उभाच होता. घड्याळजी खाली उतरले ते थेट गाडीला पाठ लावून उभे राहिले, आईसमोर पोर उभं राहावं तसे. इतक्यात ताईंनी दार उघडलं आणि पदर सावरायला हात उचलला. हात वर गेला. आणखी वर गेला. वर्षभर जखडलेला खांदा!

"अगं बाई! डॉक्टर म्हणालेच होते, गरम आणि गार, दोन्ही शेक द्या! घरी कुणाला वेळ होता?" त्या पुन्हा आत जाऊन बसल्या. "या गाडीला कुणी हात लावायचा नाही. महिनाभर मला रोज फिरवायचं."

भंगारवाला दोर गुंडाळून रिकाम्या हाताने परत गेला, आणि ती गाडी, मंडळी, आजतागायत धावतेय. कालच मी तिच्या बॉनेटवरून हात फिरवून आलो.

एवढा वेळ मागे बसून तारा सोलत असलेल्या भंगारवाल्याने सुरी खाली ठेवली.

"आजोबा, त्या संध्याकाळी मी रिकाम्या हाताने गेलो? दोर बांधल्यावर मागून ढकलायला कोण होतं?"

"ती गाडी वेगळी असेल रे. म्हातारपणी सगळ्या सारख्याच दिसतात."

"बरं, वेगळी. मग माझ्या दुकानात येऊन आत्ता मांडी घालून बसलात, ती सीट कुठल्या गाडीची?"