ताऱ्याची व्यवसायनीती

बेंगळुरातल्या एका विद्यापीठाने १९९६च्या सप्टेंबरात समाजाचं प्रबोधन करायचं ठरवलं. त्यासाठी तीन जाहीर व्याख्यानं योजण्यात आली: भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र आणि व्यवसायनीती. खगोलशास्त्राचं व्याख्यान डॉ. मथुराबाईंकडे आलं. ताऱ्यांच्या म्हातारपणाचा अभ्यास करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि त्याबद्दल ऐकून घेणारं माणूस त्यांना घरातही मिळत नव्हतं. बाई हरखून गेल्या.

विस्तार विभागाचे संचालक प्रतापराव यांनी नावनोंदणीवर नजर टाकली आणि त्यांना समाजाची दिशा कळली. व्यवसायनीतीला मोठं सभागृहही अपुरं पडणार होतं. सबब, भौतिकशास्त्राला तळघर देण्यात आलं आणि खगोलशास्त्राला गच्ची. वेळ दुपारी तीनची.

"दुपारी तारे दिसत नाहीत," मथुराबाई म्हणाल्या.

"व्याख्यान ऐकायचं असतं, अक्का. त्यात बघायचं काय? स्वल्प सांभाळून घ्या."

भौतिकशास्त्राचे डॉ. बसवंत व्यवहारी निघाले. 'घर्षण' हा आपला विषय त्यांनी 'मालक-कामगार घर्षण आणि वंगणाचे उपाय' असा करून घेतला आणि ते तळघरातून थेट वातानुकूलित खोलीत आले. मथुराबाईंनाही तसं सुचवण्यात आलं. त्यांनी नकार दिला. विद्यापीठाने त्यांच्या तत्त्वनिष्ठेची नोंद घेतली आणि गच्चीवरच्या खुर्च्या व्यवसायनीतीकडे वळवल्या.

व्यवसायनीतीच्या दिवशी सभागृह ओसंडून गेलं. महादेवपुऱ्यातले कारखानदार श्रीरंग यांनी तर आपले सगळे कर्मचारी बसमध्ये भरून आणले होते. आले नव्हते ते फक्त वक्ते. त्यांचं विमान मुंबईहून सुटलंच नव्हतं. प्रतापराव घाम पुसत मथुराबाईंच्या खोलीत शिरले.

"तुम्ही बोला, अक्का."

"मला व्यवसायनीतीतलं काही कळत नाही."

"कोणाला कळतं? तुमचंच भाषण करा. एक शब्द बदलू नका. मागचा व्यवसायनीतीचा फलक तेवढा आहे तसा राहील."

भरलेल्या खुर्च्यांच्या एवढ्या रांगा बाईंनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. मोह आवरला नाही.

त्यांनी सांगितलं, की गाभ्यातलं इंधन सरत आलं की तारा भलताच फुगतो. मग तो आपले बाहेरचे थर झुगारून देतो. मागे उरतो लहानसा, घट्ट, झळाळता गाभा. सभागृहात पेनं सरसावली. पुढच्या रांगेने माना डोलावल्या. शेवटी एकाने विचारलं, हा तारा शेअर बाजारात नोंदलेला आहे का. बाई हसल्या. विचारणारा हसला नाही. टाळ्या मात्र थांबता थांबेनात.

आठवड्याने श्रीरंग यांचा फोन आला.

"मॅडम, तुमचं मार्गदर्शन अमलात आणलं. निम्मी माणसं कमी केली. बाहेरचे थर."

"अहो, मी ताऱ्याबद्दल बोलत होते."

"हा तुमचा मोठेपणा."

मथुराबाईंनी वर्तमानपत्राला तातडीने खुलासा पाठवला. तो 'यशाची वाट' या सदरात, फोटोसह छापून आला. कुलगुरूंनी अभिनंदन केलं.

एका सकाळी विश्वासराव दारात आले. श्रीरंग यांच्या कारखान्यात त्यांनी वीसेक वर्षं कोठार सांभाळलं होतं; आता घरी होते. बोल ऐकायची तयारी ठेवून बाईंनी खुर्ची पुढे केली. पण ते खुर्चीच्या कडेवर टेकले आणि शांतपणे म्हणाले, "एक विचारायचं होतं, अक्का. ते फेकून दिलेले थर, त्यांचं पुढे काय होतं?"

अखेर ताऱ्याबद्दल, निव्वळ ताऱ्यासाठी प्रश्न आला, असं वाटून बाईंचा चेहरा उजळला. "वाया जात नाहीत ते. अवकाशात पसरतात. त्यातूनच पुढे नवे तारे घडतात, ग्रह घडतात. तुम्ही-आम्हीसुद्धा."

"सरी, बरं झालं. किती दिवस लागतात?"

"कोट्यवधी वर्षं," बाई म्हणाल्या आणि त्यांना आपलाच आवाज ऐकवेना. "विश्वासराव, माझं चुकलं."

"तुमचं कसलं? मीपण होतो की तिथे. सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या." ते चपला घालायला वाकले. "मला वाटलं, बाहेरचे थर म्हणजे दुसरं कोणीतरी."