कुलरातलं बाळंतपण

लीलाधरने कुलरमध्ये नवीन गवत भरलं आणि मागची जाळी उद्या बसवू म्हणून तशीच ठेवली, तिथेच सगळं चुकलं. सकाळी पाहतो तर आत मांजर व्यायली होती. चार पिल्लं.

ही मांजर चारुलताने केळी मंडीतून उचलून आणली होती. क्रेटखाली सापडून तिचा पाय दुखावला होता, तो बरा होईपर्यंत तात्पुरतं ठेवू असं नवरा-बायकोत ठरलं होतं. त्या घरात चार पायांचं जे काही यायचं ते तात्पुरतंच यायचं, आणि चांगलं घर मिळेपर्यंत लीलाधरच्या घरात राहायचं. त्याची तक्रार नसे. पण बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात दुपारी दुकान बंद करून कुलरसमोर आडवं होणं हा त्याचा एकमेव शौक होता, आणि आता तिथे बाळंतीण झोपली होती.

"अहो, काढा ना थोडे दिवस," चारुलता म्हणाली. "मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. ती खुदच जाईल."

मांजरीला मात्र पहिलंच घर पसंत पडलेलं दिसलं. घामाने बेजार झालेला लीलाधर रोज दुपारी शेजारच्या चुडामणच्या कुलरसमोर जाऊन बसू लागला. चुडामणने आधी चहा दिला, नंतर नुसतं पाणी, आणि पुढे तर तो पाहुण्यासमोरच घोरू लागला.

मांजर आळस करत असेल तर माणसाने थोडा हातभार लावावा, असं लीलाधरला वाटू लागलं. एका दुपारी चारुलता एका कुत्र्याचे टाके काढायला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली होती आणि मांजर मागोमाग बाहेर पडली. त्याने पिल्लं टोपलीत घातली, गच्चीवरून पलीकडे उतरला आणि चुडामणच्या जिन्याखाली पोत्यांवर ठेवून आला. पाण्याची बादली भरून कुलरकडे येतो तर पिल्लं परत गवतात. मांजरीची चपळाई पाहून तो थक्क झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बादली घेऊन येताना त्याला चुडामण टोपली सांभाळत गच्चीवरून उतरताना दिसला.

"लीलाधरभाऊ, तुमचं सामान," चुडामण शांतपणे म्हणाला. "आमच्याकडे राहून गेलं होतं."

चारुलताला कळलं तेव्हा ती रागावली नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. माणसाचा हात लागला की सात घरांची गिनती पहिल्यापासून सुरू होते, एवढंच तिने सांगितलं. हा नियम लीलाधरने कधी ऐकला नव्हता, पण वाद घालायची त्याची स्थिती नव्हती.

मांजरीने मात्र रस्ता पाहून ठेवला होता. पुढच्या आठवड्यात तिने मानेला धरून एकेक पिल्लू गच्चीवरून नेलं, आणि जिन्याखाली नाही, तर थेट चुडामणच्या कुलरात. त्याने जाळी धुवायला काढली होती. तीन पिल्लं गेली. लीलाधर बादली भरून चौथ्याची वाट पाहत उभा राहिला. मांजर आलीच नाही.

चौथं सगळ्यांत मरतुकडं होतं. चारुलताने ते आईजवळ नेऊन ठेवलं, तर आईने पंजाने लोटलं. मग डॉक्टरांनी सांगितलेलं दूध ड्रॉपरने पाजणं आलं, आणि चारुलता शाळेत शिकवायला गेली की तो ड्रॉपर लीलाधरच्या हातात येऊ लागला. पहिल्या दिवशी पिल्लू त्याच्या शर्टावर ओकलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुठीत झोपलं. त्यानंतर दुकान बंद करून घरी येताना, ते जिवंत असेल ना, या धास्तीने त्याचे पाय भराभर पडत.

पिल्लू जरा सावरल्यावर चारुलताने ते बुटाच्या खोक्यात घालून आतल्या खोलीत ठेवलं. "घ्या, लावा आता तुमचा कुलर."

खोक्यात पिल्लू रडत राहिलं. लीलाधरने ते परत गवतात ठेवलं, तसं ते लगेच झोपलं. तेवढ्यात चुडामण खांद्यावर टॉवेल टाकून आला. त्याच्या कुलरात आता तीन पिल्लं आणि त्यांची आई होती.

"भाऊ, लावा लवकर. गर्मीने जान चालली."

"आज गर्मी आहे कुठे?" लीलाधर म्हणाला. त्याच्या नाकावरून घामाचा थेंब खाली पडला.

चुडामणने वाकून कुलरात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग टॉवेलने मान पुसत तो भिंतीला टेकून बसला.

"नाहीच," तो आवाज खाली आणून म्हणाला. "उलट थोडी हवाच सुटली आहे."