साबण न लावलेला अल्बम

आमच्या शेजारच्या भातगिरणीचा मालक नंदू, याचे केस कमरेपर्यंत होते. गिरणीच्या पट्ट्यात अडकू नयेत म्हणून तो बायकोचा जुना स्कार्फ बांधायचा. तरी संध्याकाळी त्यांत इतका भुसा साठलेला असायचा की झटकला तर एका म्हशीची सोय व्हावी. आणि पन्नाशीच्या माणसानं भर वैशाखात चामड्याचं जाकीट का घालावं, हे मुरबाडात अजून कुणाला समजलेलं नाही.

नंदू रॉक वाजवतो. त्यातही स्लीझ रॉक. म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं आणि पस्तावलो.

"चावट, मळका, घामट रॉक, भाऊ. आताचं म्युझिक सगळं साबणानं धुतलेलं. वास नाय, काय नाय."

तेव्हापासून माझ्या मोबाइलवर कुठलंही गाणं लागलं की भिंतीपलीकडून निकाल येतो, "साबण."

हे परदेशातून आलं म्हटलेलं त्याला खपत नाही. "आमचा पांडूबाबा हळदीत बेंजोवर काय वाजवायचा? नवरीची आत्या तोंडाला पदर लावायची. त्या गोऱ्यांनी नंतर केलं."

डोळखांबकडच्या पाड्यावरचे हे पांडूबाबा नंदूचे गुरू. पोरंबाळं नाहीत, दात नाहीत, बेंजो मात्र ठणठणीत.

यंदा नंदूनं अल्बमचा घाट घातला. गिरणी बंद ठेवून आतच रेकॉर्डिंग. त्या दणदणाटात माझ्या भिंतीवरचं घड्याळ पडून फुटलं, त्याची कुणी साधी चौकशी केली नाही. शेवटच्या गाण्यात पांडूबाबांचा बेंजो होता, आणि बेंजो थांबताच पांडूबाबांचा खोकला. कल्याणहून आलेला रेकॉर्डिंगवाला म्हणाला, खोकला काढून टाकू. नंदूनं त्याची वायरच उपटली.

"हात लावून बघ. साबण नाय लावायचा."

राहिला कव्हरचा फोटो. चेहरा नको, पाठमोरे नुसते केस, हे त्याचं जुनं स्वप्न. या केसांपायी त्यानं सख्ख्या चुलत्याच्या दहाव्यालाही वस्तरा लावू दिला नव्हता. भावकी त्यावरून आजही बोलत नाही.

फोटो ठरला आणि पांडूबाबा गेले.

दहाव्याहून नंदू परतला तो तुळतुळीत डोक्यानं. ना नात्याचा, ना गोत्याचा. भावकी खवळून गिरणीवर आली. "काका मेला तवा नाय जमलं, आणि परक्यासाठी जमलं काय रे?" फोटो काढायचं काम ज्याच्याकडे होतं, तो त्याचा टोकावड्याचा ड्रमर तर रडकुंडीला आला. "आता फोटो कसला काढू? टक्कलाचा?"

"तोच काढ," नंदू म्हणाला. "जाम उकडत होतं, म्हणून काढले."

ऐन पौषात. वैशाखात जाकीट घालणारा माणूस हे सांगत होता. मला असा संताप आला की काय सांगू. खरं बोलायला काय झालं होतं याला?

अल्बम आला. कव्हरवर पाठमोरं टक्कल. एसटी स्टँडवर एकानं विचारलं, "हा रॉकवाला की नारळवाला?" त्याच्या अंगावर मी धावून गेलो. ज्याचं घड्याळ फुटलं तो मी.

हल्ली दुपारी गिरणी थांबली की भिंतीपलीकडून अल्बम ऐकू येतो. अख्खा नाही. शेवटचं गाणंसुद्धा नाही. नुसता खोकला. मग जरा वेळ काही नाही, आणि पुन्हा तोच खोकला.

पूर्वी मी भिंतीवर काठी आपटायचो. आता तेवढा वेळ आमचा रेडिओ बंद ठेवतो.