कंबरेचा बार चार्ट

कुठल्या आकड्याला कुठला चार्ट शोभतो, हे मी झोपेतसुद्धा सांगू शकतो! फुशारकी नाही मारत. बारा वर्षं ऑफिसात दुसरं काही केलेलंच नाही. तुलना करायचीय? बार. काळाबरोबर काय घडलं ते दाखवायचंय? लाइन. एका गोष्टीचे भाग दाखवायचेत? गोल कापलेला पाय चार्ट, पण पाचाच्या वर तुकडे नकोत, नाहीतर फुटलेल्या बशीसारखं दिसतं. ऑफिसात मला 'चार्टाचार्य' म्हणतात. कौतुकानं म्हणतात की कशानं, ते विचारायच्या भानगडीत मी पडलेलो नाही.

तर अशा माणसाच्या आईचं दुकान वहीवर चालावं? शोभतं का?

आईचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन काही शिवत नाही. झिप बदलणं, उंची कमी करणं, कंबर सैल करणं, असली कामं. एकतीस वर्षं तेच मशीन, माप घ्यायला तोच पडदा आणि हिशेबाची नाही, पण कुणाचं काय काम आहे त्याची वही. बाबा गेल्यावर तर ते दुकान म्हणजेच तिचा दिवस झाला. दुकान उघडलं की आई उघडते, असं माझी बायको म्हणते.

"आई, तुझ्या दुकानाला डॅशबोर्ड करतो!"

"गाडीत असतो तो?"

"अगं, दुकानाची सगळी माहिती एका स्क्रीनवर! एका नजरेत!"

"कुणाच्या नजरेत?"

मंडळी, हा प्रश्न लाखमोलाचा होता. मी तो कानाआड केला.

वहीचे फोटो काढले आणि आकडे भरायला बसलो. आईनं गिऱ्हाइकांची नावं लिहिलीच नव्हती. 'जिमवाले', 'नाचवाल्या बाई', 'बेकरी' असं काहीतरी, आणि पुढं नुसते ठिपके. कुणापुढं दोन, कुणापुढं पाच. सलग तीन रविवार डोकं खाजवलं आणि कोडं सुटलं! एक ठिपका म्हणजे कंबर एकदा एक इंच सैल केली! मी आनंदानं टुणकन उडालो. एवढी सुंदर माहिती आणि ती वहीत सडत पडलेली!

सोमवारी रजा टाकली. घरातला जुना टीव्ही दुकानाच्या काचेत रस्त्याकडे तोंड करून बसवला. रुबाब वाढायला नको? डाव्या कोपऱ्यात हातातली कामं दाखवणारा काटा. काम कमी झालं की काटा लालमध्ये आणि भोंगा चालू! आणि मधोमध, माझ्या कारकिर्दीतला सर्वात देखणा बार चार्ट. शीर्षक: 'कोणाची कंबर किती वाढली?'

दहा वाजता काचेबाहेर पंधरा माणसं!

"आई, बघ गर्दी! याला म्हणतात डॅशबोर्ड!"

आई आत काज करत होती. तिला वाटलं, टीव्हीवर मॅच लागलीय.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "सर! अभिनंदन! तुम्ही पहिले आलात!" आणि हास्याचा स्फोट.

सर म्हणजे कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेचे मालक. रोज सकाळी चाळीस जणांना 'पोट आत! पोट आत!' ओरडणारे. त्यांचा बार सगळ्यांत उंच होता. सात इंच!

ते आत आले. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"काकू, माझी पॅन्ट द्या."

"अहो, एकच बाजू उसवलीय अजून."

"तशीच द्या."

त्यांच्यामागून नाचवाल्या बाई आल्या. त्यांच्यामागून बेकरीवाले. मी म्हटलं, घाबरायचं नाही, चार्ट बदलायचा! बार फार उघड बोलतो, म्हणून पाय चार्ट केला. तर जिमवाल्यांचा तुकडा अर्धी स्क्रीन खाऊन बसला. म्हणून बबल चार्ट केला. जितकी वाढ तितका मोठा गोळा! आता स्क्रीनवर एक भलामोठा गरगरीत गोळा डुलत होता आणि त्याच्या पोटावर लिहिलं होतं, 'जिमवाले'. रस्त्यावर एक गृहस्थ हसता हसता सायकलवरून पडले!

आणि कपडे परत जातील तसा काटा खाली, खाली, लालमध्ये. भोंगा! पॅं पॅं पॅं! शेजारच्या गल्लीतली गिऱ्हाइकं विचारायला लागली, "दुकान बंद होतंय का?" आणि तीही आपापले कपडे घेऊन गेली. शेवटी बायकोनं येऊन वायर उपटली.

"तुम्हाला चार्ट कळतात हो," ती म्हणाली, "पण बघणारी माणसं कळत नाहीत."

आईनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती विचारती झाली, "ठिपके कसे कळले रे तुला?"

"सोडवलं मी," मी म्हणालो.

"माप मोठ्यानं बोलायचं नसतं, बाळा. लिहायचंसुद्धा नसतं. म्हणून ठिपके." तिनं टेप गुंडाळून ठेवली. "पडद्यामागं आलं की माणूस आधी पोट आत ओढतो. मी थांबते. गप्पा मारते. त्यानं श्वास सोडला की मग टेप लावते. आता माझ्यापुढं श्वास कोण सोडणार?"

मंगळवारी कुणी आलं नाही. बुधवारीही नाही. आईनं मशीनला तेल दिलं, रिळं रंगानुसार लावली, मग लांबीनुसार लावली. गुरुवारी म्हणाली, "महिनाअखेर दुकान सोडते. जागेच्या मालकाला कळवून टाक." एकतीस वर्षांचा तिचा दिवस मी एका बार चार्टनं मावळवला होता.

जिमवाल्यांकडे जाऊन पाय धरायचेच बाकी ठेवले. ते वजनं उचलत राहिले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

परत येताना ठरवलं. हसायचंच असेल तर लोकांनी मला हसावं!

"आई, माझी कंबर लावतो काचेत. लग्नात बत्तीस होती, आजही बत्तीस आहे. तेवढी सरळ रेघ बघून तरी हसतील लोक."

आईनं पटकन वहीवर हात ठेवला. "नको रे."

"का?"

"नको म्हणते ना."

मी वही ओढून घेतली. फोटो काढायचं राहून गेलेल्या शेवटच्या पानावर 'घरचं' असं लिहिलेलं, त्याखाली 'पोरगा', आणि पुढं ठिपके. एक, दोन, तीन... नऊ! बटण लावून देते, इस्त्री करून देते म्हणत दर सुट्टीला ही माझ्या पॅन्टा घेऊन जायची. मी जगभर सांगत फिरायचो, बघा, लग्नातली पॅन्ट अजून होते!

"शिवणीतली माया संपली तेव्हा आतून पट्टी जोडली," आई हळूच म्हणाली. "तू एवढा खूश असायचास. कशाला सांगायचं?"

तिचा हात धरून बसलो थोडा वेळ.

मग टीव्ही लावला. काळाबरोबरचा बदल, म्हणजे लाइन चार्ट. शीर्षक: 'दुकानवाल्या काकूंच्या मुलाची कंबर. बत्तीस ते एकेचाळीस.' आई दोनदा बंद करायला आली, मी दोनदा लावला. गल्ली पोट धरून हसली! सायकलवाले गृहस्थ खास पुन्हा आले. मी काचेशेजारी उभा, रेघेच्या टोकाला, पुरावा म्हणून.

चार वाजता जिमवाले आले. पाच मिनिटं स्क्रीनकडे बघितलं, पाच मिनिटं माझ्याकडे. आत गेले आणि अर्धी उसवलेली पॅन्ट आईपुढं ठेवली.

"काकू, जरा बघता का?"

आईनं पडदा ओढला. आतून बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा ऐकू आल्या. मग एक मोठ्ठा श्वास सुटल्याचा आवाज आला. बाहेर मी डोळे पुसत उभा!

शनिवारपर्यंत नाचवाल्या बाई आल्या, बेकरीही आली. टीव्ही घरी गेला. जिमवाले जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "सकाळी सहाला या. फी नको. आलेख बघितलाय तुमचा."

जातोय तेव्हापासून. उठाबशा काढून गुडघे बोलायला लागलेत. पण दोन महिन्यांत चमत्कार! काल पॅन्ट घातली तर चक्क सैल! तस्सा धावत दुकानात गेलो.

"आई! सैल झाली! दोन बोटं जातात बघ!"

आईनं मशीनवरून मान वर केली नाही. "हो रे," म्हणाली, "झालास खरा बारीक."

दुकानात आलेली बायको माझ्याकडे बघत होती. परवाच तिनं माझ्या पॅन्टा इस्त्रीसाठी आईकडे दिल्या होत्या.

वही समोरच पडली होती. मी उघडली नाही.