टोरंटोअंकल आणि रविवारचं मटण

माणूस पारखावा तर मीच! हे मी स्टाफरूममध्ये छाती पुढे काढून सांगायचो. साल एकोणीसशे नव्याण्णव. कराडात यासीनभाईंनी प्लायवूडची खुराडी ठोकून सायबर कॅफे काढला होता, आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी थेट तिथल्या कोपऱ्यात. चॅटरूममध्ये नुसता गोंधळ! एक जण सारखा 'हाय' म्हणायचा, दोघं क्रिकेटवरून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि उरलेले सगळे 'कोणी मुलगी आहे का' विचारत फिरायचे. आठवडी बाजारातसुद्धा माणूस भाव विचारून उत्तरासाठी थांबतो. इथं तेवढीही फुरसत कुणाला नव्हती.

त्या कल्लोळात मी एक माणूस शोधून काढला. नाव 'टोरंटोअंकल'. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, तेही सावकाश, बहुतेक एका बोटानं. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "तुमी जेवला का?" अहो, अख्ख्या इंटरनेटवर मला हे विचारणारा तो एकटाच! मी लगेच 'लंडनकिंग' होऊन गप्पांना बसलो. कराडच्या हायस्कुलातला भूगोलाचा मास्तर, असं खरं सांगितलं असतं तर परदेशातला माणूस दोन मिनिटं तरी थांबला असता का?

आता माझं दुखणं सांगतो. मला सासऱ्यांची भीती वाटते. साधीसुधी नाही, भलतीच! कोंडीबामामा, निवृत्त सुभेदार, राहणार उंब्रज. दर रविवारी ते आम्हाला जेवायला बोलावतात आणि मटण स्वतःच्या हातानं करतात. एका घासात कानातून वाफा निघतात. लग्नाला सहा वर्षं झाली, आमचं बोलणं एवढंच:

"पाव्हणं, बरं हाय का?"

"हो मामा."

"वाढू?"

"हो मामा."

आणि मामांची पाठ वळली की निम्मं मटण त्यांच्या मोत्याला! ते कुत्रं इतकं लठ्ठ झालं होतं की चोर आला तरी बसल्या जागेवरूनच भुंकायचं.

हे सगळं मी टोरंटोअंकलला सांगून टाकलं. लंडनला शोभेल असं, अर्थातच! सुभेदाराचा ब्रिगेडिअर केला, उंब्रजच्या घराचा बंगला केला, मोत्याला लॅब्राडॉर केलं. मटण मात्र मटणच ठेवलं.

अंकलनं लिहिलं, "माजा जावई बी घुम्या हाय. त्येच्यासाठी मी पहाटं उठून मसाला वाटतो. गडी कवा चांगलं म्हणत न्हाई. उद्या लेकीला घिऊन यायचाच बंद झाला तर? लय भ्या वाटतं."

मला भडभडून आलं. मी सल्ला दिला, "अंकल, तिखट कमी करा!"

त्यानं मला सल्ला दिला, "तुमी तोंड उघडा. सासरा काय खाणार न्हाई."

आपल्याकडे भर दुपार असते तेव्हा टोरंटोत लोक घोरत असतात, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला शिकवतो. पण माझ्या डोक्यात ते आलं नाही!

एका शनिवारी मी लिहिलं, "उद्या परत ब्रिगेडिअरकडे जेवण. आत्तापासून हातपाय गार पडलेत."

तेवढ्यात खुर्ची हलली. कॉम्प्युटर थरथरला, टेबलावरचा चहाचा ग्लास नाचला. बाहेरचा माणूस बोंबलत रस्त्यावर पळाला असता. आमच्या कोयनेच्या भूकंपपट्ट्यातला माणूस जागचा उठत नाही. 'कोयना हलली' एवढं म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. सवयीनं माझ्या बोटांनी तेच टाईप केलं.

पडद्यावर दोन ओळी एकदमच आल्या.

लंडनकिंग : कोयना हलली.

टोरंटोअंकल : कोयना हलली.

टोरंटोत कोयना कशी हलली? पलीकडच्या खुराड्यातून खोकला आला. तो खोकला मी ओळखतो! सासुरवाडीत तो आला की मी बसलेला उठतो. हळूच वाकून प्लायवूडखालून बघितलं. पलीकडे काळे बूट होते, चेहरा दिसेल असे चकचकीत. सैन्यातल्या मुलाचा ईमेल वाचायला मामा शनिवारी कराडला येतात, हे नीलिमा मला महिनाभर सांगत होती. पण बायकोचं ऐकायला लंडनच्या माणसाला वेळ कुठला?

मांजराच्या पावलानं सटकावं म्हणून उठलो, तर काऊंटरवरून यासीनभाई गरजले, "आवं नागसेन सर! घाबरलासा व्हय? गेली, गेली कोयना! बसा निवांत!"

पलीकडचे बूट खाडकन सावधानमध्ये आले. मी जो पळालो तो घरी येऊन पांघरुणात शिरलो.

"मला ताप आलाय," मी नीलिमाला सांगितलं. "उद्या उंब्रजला नको जायला."

तिनं कपाळाला हात लावला. "ताप कसला? चांगले गार पडलाय! बाबांनी आत्ताच शेजारी फोन करून सांगितलंय, जावयांना घेऊनच ये."

संपलं!

रविवारी उंब्रजला पोचलो, तर मोत्या लांब परसात साखळीला बांधलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. मामा स्वतः पातेलं घेऊन आले. माझ्या हातातलं ताट थरथरत होतं, आणि कोयना मात्र जागच्या जागी होती.

"वाढू?" मामा म्हणाले. त्यांचीही पळी हलत होती.

रस्सा बघितला, तर रंगच नाही! म्हाताऱ्यानं तिखट कमी केलं होतं. आता तोंड उघडायची पाळी माझी होती. मी डोळे मिटले, घास घेतला आणि ओरडलोच, "मामा, मटण लय झकास झालंय!"

नीलिमाच्या हातातली भाकरी खाली पडली. मामांच्या मिशा जराशा हलल्या.

"व्हय? मग खावा पोटभर," ते म्हणाले. "लंडनात असलं मिळत न्हाई."

"लंडन? कसलं लंडन?" नीलिमानं विचारलं. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या आणि जेवत राहिलो.

खरं सांगायचं तर त्या मटणात तिखट नव्हतं, आणि घाबरलेल्या मामांच्या हातून मीठही राहिलं होतं. मला मोत्याची फार आठवण आली. पण हे त्यांना तोंडावर सांगायची छाती आहे का माझी? शनिवारची वाट बघतोय!